पडदा काळा झाला म्हणून वही बुडत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा बंद झाली. विंडोज ११ ज्यावर चढत नाही अशा जुन्या संगणकासाठी मोफत मिळणारी लिनक्स हा चांगला मार्ग आहे. आम्हीही तोच धरला. पण एखाद्या सकाळी डेस्कटॉप येतच नाही. नुसता काळा पडदा दिसतो, किंवा पासवर्ड दिला की पुन्हा पासवर्डच मागितला जातो. मालक घाबरतो, कारागीर येतो आणि बसण्यापूर्वीच सांगतो, "फॉरमॅट मारावे लागेल." आमचा विरोध या वाक्याला आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिहिला. केडीई व ग्नोम हे डेस्कटॉप १९९६ व १९९७ साली सुरू झाले. म्हणजे डेस्कटॉप हा वरचा थर आहे. तो कोसळला तरी खालचे यंत्र बहुधा चालूच असते. शटर अडकले म्हणून कोणी दुकानातला माल फेकून देतो काय?

आमच्या कार्यालयात हेच घडले. आलेल्या कारागिराला आम्ही थांबविले. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ एकदम दाबताच अक्षरी पडदा आला. तेथे नाव व पासवर्ड दिला. (पासवर्ड टंकताना अक्षरे दिसत नाहीत, घाबरू नये.) मग लहान इंग्रजी अक्षरांत डीएफ, जागा सोडून वजाचिन्ह व एच लिहिले. डिस्क १०० टक्के भरलेली! डेस्कटॉपला सुरू होताना काही नोंदी लिहाव्या लागतात. त्यालाच जागा नव्हती. नको असलेल्या जुन्या फायली काढल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, डेस्कटॉप आला. फॉरमॅट केला असता तर ३ वर्षांची उधारी गेली असती.

कारणे आणखीही असतात. अपडेटनंतर ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळत नसेल, तर सुरुवातीच्या ग्रब यादीतून जुना गाभा निवडून पाहावा. नव्या वापरकर्त्याच्या नावाने डेस्कटॉप उघडत असेल, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे. काहीच चालले नाही तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावा. डिस्कच खराब होत असल्याची शंका आली तर आधी नक्कल, मग दुरुस्ती.

कारागिरांशी आमचे वैर नाही. कित्येकदा त्यांची मदत लागतेच. पण "कारण काय?" हे विचारण्याचा हक्क मालकाने सोडू नये. आधी नक्कल, मग तपास, फॉरमॅट सर्वांत शेवटी. आणि दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी. दुरुस्तीचे पैसे पुन्हा कमावता येतील. कोणाकडे किती येणे आहे हे विसरलेले गिऱ्हाईक आठवून देणार नाही.