बिनबिलाचा संच आणि गरिबाची जोखीम

दिवाळीचा बोनस हातात पडला की इचलकरंजीच्या माग-वस्तीपासून मुंबईच्या चाळींपर्यंत एक प्रश्न हमखास निघतो : दूरचित्रवाणी संच कोणता घ्यावा, आणि तो पक्क्या बिलावर घ्यावा की बिलाविना? प्रश्न घरगुती दिसतो, म्हणून राजकीय चर्चेत रमणाऱ्या मंडळींना त्याची दखल घेणे कमीपणाचे वाटते. परंतु बत्तीस इंची साध्या संचाला लागणारे दहा-बारा हजार रुपये ही ज्या घरात महिन्याच्या कमाईला भिडणारी रक्कम आहे, त्या घरात ही खरेदी वर्षातील एक मोठा निर्णय असतो. तो चुकला तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्याची भरपाई होत नाही.

या प्रश्नावर दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. पहिला सुखवस्तूंचा : गरिबाला टीव्ही हवाच कशाला? दुसरा स्वतःला गरिबांचे कैवारी समजणाऱ्यांचा : ‘ग्रे मार्केट’ हाच गरिबाचा बाजार, सरकारचा कर बुडाला तर बुडू द्या, गरिबाचे दोन पैसे वाचले हे महत्त्वाचे. दोन्ही उपदेशक उंटावरून शेळ्या हाकत आहेत. त्यांतला दुसरा अधिक घातक. कारण तो गरिबाच्या बाजूचा भासतो.

आधी पहिल्याचा समाचार घेतलेला बरा. या देशात दूरचित्रवाणी आली ती चैनीची वस्तू म्हणून नव्हे. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवून शिक्षण, शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखवण्यात आले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथून ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यापर्यंत पोहोचत होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले, आणि संच चावडीवरून दिवाणखान्यात गेला. सार्वजनिक साधन खासगी प्रतिष्ठेची वस्तू झाले. तरीही त्याचे मूळ काम संपलेले नाही. २०२० साली शाळांना कुलपे लागली, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. ज्या घरात एकच फोन होता आणि तोही बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलाची शाळा त्या पडद्यावरच भरली. या वस्तूला चैन म्हणणाऱ्यांनी त्या घराकडे पाहून बोलावे.

पण सरकारच्या कराच्या कोष्टकात ती दीर्घकाळ चैनच राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा दूरचित्रवाणी संच २८ टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात, मोटारगाड्यांच्या पंक्तीला बसवण्यात आला. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवरील कर १८ टक्के झाला. मोठ्यांवर २८ टक्के कायम राहिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरील करही १८ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्या गाजावाजात एक साधी गोष्ट लपून गेली. पंचावन्न इंची पडदा भिंतभर लावणाऱ्याला दहा टक्क्यांची सवलत मिळाली. दहा बाय दहाच्या खोलीत बत्तीस इंची संच ठेवणाऱ्याला एका छदामाचीही मिळाली नाही. आज दोघे एकाच दराने कर भरतात, आणि यालाच कररचना सोपी झाली असे म्हणतात.

कर जड आहे म्हणून बिनबिलाचा बाजार फोफावतो, हे खरेच. म्हणून तो बाजार गरिबाच्या हिताचा ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी त्या बाजारात नेमके काय विकले जाते ते पाहिले पाहिजे; कारण ‘ग्रे मार्केट’ या एका नावाखाली तीन निरनिराळे माल खपवले जातात.

पहिला माल परदेशातून आलेला. मुंबईच्या मुसाफिरखाना आणि मनीष मार्केटच्या परिसरात ‘फॉरेनचा माल’ शोधत हिंडणारी एक पिढी होऊन गेली. पुढे दुबई, बँकॉक, सिंगापूरहून परतणारे प्रवासी सपाट पडद्याचे संच सामानात आणू लागले. रुपया घसरत असताना, २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने या संचांची करमुक्त सवलत काढून घेतली आणि त्यांवर ३५ टक्के शुल्क व त्यावर अधिभार बसवला. असा माल अस्सल असू शकतो. परंतु बहुतेक कंपन्यांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच असते. संच येथे बिघडला की कंपनीच्या दारात त्याला कोणी विचारत नाही.

दुसरा माल देशातलाच, चांगल्या कंपनीचा, पण बिलाविना किंवा कच्च्या पावतीवर विकलेला. यात फसवणूक मालाची नसते, हक्काची असते. तिसरा माल सर्वांत धोक्याचा : जुना किंवा नाकारलेला पॅनेल नव्या चौकटीत बसवून, ओळखीच्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव चिकटवून नव्या खोक्यात भरलेला संच. पडदा साध्या प्रतीचा असतो आणि खोक्यावर ‘फोर के’ छापलेले असते.

आता हिशेब मांडावा. कर सोडून १०,००० रुपये किमतीच्या संचावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये कर होतो. पक्क्या बिलावर तो ११,८०० रुपयांना पडतो. बिनबिलाने घेणाऱ्याचे जास्तीत जास्त वाचतात ते हे १,८०० रुपये. आणि तेही दुकानदाराने आपला वाटा काढून घेतला नाही तरच. याच्या बदल्यात तो गमावतो काय? संचाच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा पॅनेलचा असतो. पॅनेल गेला तर दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. म्हणजे १,८०० रुपयांच्या बचतीसाठी १०,००० रुपये पणाला लागतात. व्यापाऱ्याचा नफा विक्रीच्या क्षणीच पदरात पडतो. संच टिकेल की नाही याची चिंता मात्र गिऱ्हाईक घरी घेऊन जाते. ही स्वस्ताई म्हणजे गरिबाच्या डोक्यावर ठेवलेली जोखीम आहे, आणि तिला सवलत म्हणणारे कैवारी व्यापाऱ्याचीच वकिली करीत आहेत.

त्यांच्या युक्तिवादात आणखी एक भोक आहे. स्वस्तात माल मिळवण्याचे कायदेशीर मार्ग बाजारात भरपूर आहेत. ते फक्त गरिबासाठी नाहीत. सणासुदीच्या विक्रीत अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर सूट, तमुक कार्डावर बिनव्याजी म्हणवणारे हप्ते, अशा सवलतींचा पाऊस पडतो. ज्याची नोकरी पक्की, पगार बँकेत आणि कार्ड खिशात, त्याला ही सूट पक्क्या बिलासकट व हमीसकट मिळते. ज्याची मजुरी रोखीत होते त्या यंत्रमाग कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला ही दारे बंद असतात. त्याच्यापुढे रोखीचे, कच्च्या पावतीचे दुकान तेवढे उघडे राहते. तेवढेच पैसे वाचवताना एकाला संरक्षण मिळते आणि दुसऱ्याला धोका. हा भेद डोळ्यांआड करून ‘गरिबाने बिनबिलाचा मार्ग स्वेच्छेने निवडला’ असे म्हणणे ही निव्वळ थट्टा आहे.

‘बिल घेऊन तरी काय होते? कंपन्या बिल असतानाही दाद देत नाहीत,’ असा एक अनुभवाचा आक्षेप वस्त्यांतून ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. सेवाकेंद्राच्या खेपा घालून माणूस थकतो, सुटा भाग ‘येईल’ या शब्दावर महिने जातात. परंतु बिल असलेल्याला भांडता येते. नसलेल्याला भांडण उभेच करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ही हत्यारे अपुरी आहेत, पण ती बिलाच्या कागदावरच चालतात. तो कागद जो १,८०० रुपयांना विकून टाकतो, तो आपली साक्षच विकून टाकतो.

‘स्मार्ट’ संचांनी या जोखमीत नवी भर घातली आहे. अनोळखी बनावटीच्या, प्रमाणित नसलेल्या प्रणालीवर चालणाऱ्या संचात आणि त्याला जोडायच्या स्वस्त पेट्यांत आधीच घुसवलेले घातक प्रोग्राम असू शकतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा उपकरणांबाबत जाहीर इशारा दिला होता. ज्या घरातील वायफायवर मजुरीचे पैसे घेणारा फोनही चालतो, त्या घरात असा संच आणणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखे आहे.

मग कमी पैशांत संच घ्यायचाच असेल तर काय पाहावे? नावाच्या भपक्यापेक्षा आपल्या तालुक्यात त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे काय हे आधी विचारावे; देशात विकल्या जाणाऱ्या अनेक नावांचे संच एकाच कारखान्यात जुळवले जातात, तेव्हा दुरुस्तीची सोय हीच खरी प्रतिष्ठा होय. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, निर्मितीचा महिना आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. २०१२ च्या केंद्रीय आदेशाने ३२ इंच व त्याहून मोठ्या सपाट पडद्याच्या संचांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची केली. संचावरील ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. बिलावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा व तो खोक्यावरील आणि संचाच्या पाठीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख दुकानातच घ्यावी. पैसे फारच कमी असतील तर ओळखीच्या मेकॅनिककडून जुना संच, जुना म्हणून, जुन्याच्या किमतीत आणि लेखी पावतीवर घेणे शहाणपणाचे ठरते. प्रामाणिक मेकॅनिकचा धंदा आणि जुन्याला नवा म्हणून विकणाऱ्याचा धंदा यांची गल्लत करता कामा नये. शिवाय दरमहाच्या खर्चाचाही विचार हवा. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला एकदा अँटेना व पेटी घेतली की मासिक वर्गणी लागत नाही.

परंतु एकट्या गिऱ्हाइकाला दिलेली ही सल्ल्याची यादी पुरेशी नाही. एकटा माणूस दुकानदारापुढे घासाघीस करून किती करणार? महाराष्ट्राला यावर उत्तर माहीत आहे. १९४८ साली गिरणगावात ‘अपना बाजार’ची सहकारी चळवळ उभी राहिली, १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदीचा मार्ग घालून दिला. जे डाळ-तांदळाच्या बाबतीत जमले ते संचाच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही. एका चाळीतील दहा कुटुंबांनी दिवाळीपूर्वी एकत्र येऊन अधिकृत विक्रेत्याकडे दहा संचांची मागणी एकदम नोंदवली, तर घाऊक सवलतीची भाषा त्यांना करता येते आणि पक्के बिलही हाती राहते. क्रेडिट कार्डवाल्याला बँकेने दिलेली ताकद येथे शेजारी शेजाऱ्याला देतो.

सरकारकडे मागायचे तेही स्पष्ट असावे. ३२ इंचांपर्यंतच्या साध्या संचावरील कर ५ टक्के करावा. वर काढलेल्या हिशेबात तो ५०० रुपये होतो आणि बिनबिलाच्या व्यापाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते. विकलेल्या संचाचे सुटे भाग ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे आणि ते स्थानिक मेकॅनिकलाही विकण्याचे बंधन कायद्याने कंपन्यांवर घालावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. संकेतस्थळाने पॅनेल मिळत नाही.

तोवर वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी बिनबिलाचा संच घेणाऱ्याला नैतिकतेचे धडे देत बसू नये, आणि त्याची पाठही थोपटू नये. दिवाळीच्या महिनाभर आधी चाळीत बैठक घ्यावी, १,८०० रुपयांचा हिशेब फळ्यावर मांडावा आणि एकत्र खरेदी करू इच्छिणाऱ्यांची नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.