सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

कॉलेजातलं अर्थशास्त्र सांगतं : बाजारात दोघं येतात, एकाकडे माल, दुसऱ्याकडे पैसा. पटलं तर सौदा, नाहीतर दोघंही घरी जायला मोकळे. मी धुळ्याचा. इथल्या कपाशीच्या वावरात वेचणीला जाणाऱ्या बाईपाशी हे पुस्तक फाटतं. तिच्याकडे माल नाही, नुसते हात. दर पटला नाही म्हणून ती घरी गेली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. मालकाचा कापूस चार दिवस थांबतो, पोट थांबत नाही. ही कसली मोकळीक?

सरकार मधे पडलं नाही असं नाही. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा, हा हेतू रास्तच होता. २००२ ला खाजगी व्यापार पुन्हा खुला झाला. आता सीसीआयच्या केंद्रावर हमीभाव हवा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाचा पेरा लागतो. म्हणजे धोरण बोलतं ते सातबाऱ्याशी. सालदाराशी नाही, वेचणारीशी नाही. हमी कापसाला, घामाला नाही.

मग आमच्याकडे जमीन का नाही? आळशी होतो म्हणून? महारकी वतनात तुकडा नावाला होता आणि त्यापायी रात्रंदिवस वेठ. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडलं. वतनं मोडणारा कायदा आला १९५८ ला! जमीन हातात आली तीही नव्या शर्तीवर, विकायची तर कलेक्टरची परवानगी. शर्त जमीन राखायला घातली म्हणतात. असेल. पण एकाची मालकी मोकळी आणि दुसऱ्याची साहेबाच्या सहीला बांधलेली, हे दोघं एका बाजारात कसे?

मालकी आभाळातून पडत नाही. ती कायदा लिहितो, आणि कायद्याला लिहायला भाग पाडता येतं. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तिथं १९७२ च्या सुमाराला अंबरसिंग सुरतवंतींसोबत भिल्लांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा. आधी माणसं उठली, मग कागद हलला.

शहरात आलो म्हणून गावचं दप्तर विसरू नका. तलाठ्याकडून सातबारा काढा. भोगवटादार कोण, वर्ग कोणता, इतर हक्कात काय खरडलंय, ओळ न् ओळ वाचा. आपल्या घामाचा भाव तिथं ठरतो.