लाज कोणाची?

नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या चित्रपटाचे नाव ‘फँड्री’. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याला शाळेची ओढ आहे. परंतु गावाच्या सांगण्यावरून त्याला कुटुंबासह डुकरे धरावी लागतात आणि वर्गमित्र हसतात. शाळा बुडण्याचे कारण मुलाची नावडच असते असे नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच हे कुटुंब स्तब्ध उभे राहते. हाती येणारे डुक्कर मात्र निसटते. राष्ट्राचा मान राखणाऱ्या मुलाचा मान गाव राखत नाही. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. वयात येणे म्हणजे केवळ प्रेमात पडणे नव्हे. लाज आपली नसून हसणाऱ्यांची आहे, हे उमगणे होय.