देवाची दानपेटी आणि शिफारशीची चिठ्ठी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा दिवस उगवला की महाराष्ट्रात दोन पेट्या भरू लागतात. एक मंदिरातील दानपेटी आणि दुसरी सार्वजनिक मंडपाच्या दाराशी ठेवलेली. पहिलीत नवसाचे पैसे पडतात, दुसरीत वर्गणीचे आणि उत्साहाचे. दोहोंचा धनी एकच, सामान्य भाविक. परंतु पेटीचे कुलूप उघडल्यावर त्या पैशाचे काय होते, तो कोणास मिळतो आणि कोणाच्या सांगण्यावरून मिळतो, हे या धन्याला क्वचितच कळते. मांगल्याच्या दिवशी असा रूक्ष विषय काढल्याबद्दल वाचक आम्हांस क्षमा करतील. पण ज्या देवतेला आपण बुद्धिदाता म्हणून वंदन करतो, तिच्या उत्सवात बुद्धीलाच सुट्टी देणे उचित नव्हे.

विषय काढण्यास निमित्तही आहे. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिल्याचे विधानसभेत जाहीर केले. त्याच वर्षी प्रभादेवीच्या श्रीसिद्धिविनायक मंदिर न्यासाचे २०२४-२५ या आर्थिक वर्षातील उत्पन्न सुमारे १३३ कोटी रुपयांवर गेल्याची वार्ता आली. उत्सव आणि शासन यांच्यातील अंतर कमी होत आहे आणि देवस्थानांच्या तिजोऱ्या वाढत आहेत. अशा वेळी जनतेच्या श्रद्धेतून जमलेला निधी सामाजिक कार्याकडे कसा वळतो आणि त्या वाटेवर राजकारण कोठे उभे असते, याचा विचार व्हावयास हवा.

सिद्धिविनायकाचे मंदिर १८०१ साली उभे राहिले. पुढे भक्तांची संख्या आणि उत्पन्न ही दोन्ही इतकी वाढली की १९८० साली विधिमंडळाने या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यान्वये मंदिराचा कारभार शासननियुक्त व्यवस्थापन समितीकडे आला. पूजाअर्चा आणि भाविकांच्या सोयी यांवर खर्च करून उरलेल्या पैशातून रुग्णांना, विद्यार्थ्यांना व संस्थांना साहाय्य देण्याचा प्रघात पडला. हेतू निःसंशय स्तुत्य होता. गरिबाच्या शस्त्रक्रियेला देवाच्या पेटीतून मदत व्हावी, याहून मोठी पूजा कोणती?

परंतु हेतू स्तुत्य असला म्हणजे व्यवहार निर्दोष असतोच असे नाही. न्यासाच्या कारभाराबद्दल तक्रारी झाल्यावर २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. पी. टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचा निष्कर्ष कोणाही श्रद्धाळू माणसाला अस्वस्थ करील असा होता. देणगीसाठी संस्था निवडताना कोणतीही पद्धत वा तत्त्व पाळले जात नव्हते. विश्वस्तांची, मंत्र्यांची अथवा बहुधा सत्तारूढ पक्षातील एखाद्या वजनदार पुढाऱ्याची शिफारस हाच काय तो निकष होता. २००६ साली न्यायालयाने निधीच्या विनियोगासाठी मार्गदर्शक सूत्रे तयार करण्यास संबंधितांना सांगितले.

या निष्कर्षाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. पैसा कोणी खिशात घातला, असा हा प्रश्न नव्हे. शिफारशीने मदत मिळालेल्या संस्था चांगले काम करणाऱ्याही असतील. तरीही अन्याय झालाच, आणि तो झाला ज्यांना शिफारस मिळाली नाही त्यांच्यावर. दूरच्या तालुक्यातील एखादी शाळा, जिच्या मुख्याध्यापकाला मंत्रालयाची पायरी ठाऊक नाही, तिचा अर्ज तळाशीच राहतो. दुसरीकडे, ज्या पुढाऱ्याने चिठ्ठी दिली त्याचा सत्कार होतो, आणि मदत मिळालेला माणूस देवाचे नव्हे तर त्या पुढाऱ्याचे उपकार मानू लागतो. दान भाविकाचे, पुण्य पुढाऱ्याचे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून निरपेक्षपणे दिलेले दान ते सात्त्विक, आणि परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले ते राजस. मताच्या आशेने दिलेली देणगी कोणत्या वर्गात बसते, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

यावर काही श्रद्धाळू मंडळी म्हणतात, देवाचा पैसा देवाच्याच कामी लावावा, म्हणजे हा सारा घोळच मिटेल. या मताला कायद्याचाही काही आधार आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील एका तरतुदीने धार्मिक न्यासाचा निधी, मूळ उद्देश पार पाडणे शक्य असतानाही, अन्यत्र वळविण्याची मुभा ठेवली होती. रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. दात्याच्या हेतूला मोल आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आणि ते योग्यच होय.

तथापि आपल्या भूमीत धर्म आणि समाजकार्य यांची फारकत कधीच नव्हती. संत गाडगे महाराजांनी लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र फुटके गाडगे आणि खराटा एवढ्यावर राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याला अनेक जण तेव्हा 'राजकारण' म्हणत असत. गाडगेबाबांनी त्या शब्दाला भिऊन हात आखडता घेतला असता तर आज आपण त्यांना वंदन केले असते काय? सामाजिक सुधारणेचे प्रत्येक कार्य आपल्या काळात कोणाला तरी राजकीय वाटतेच. म्हणून लोकनिधीने वादाच्या प्रत्येक विषयापासून दूर राहावे, ही मागणी आम्हांस मान्य नाही. तसे केल्यास निधी केवळ रोषणाईवर आणि सजावटीवर जाईल.

मग रेषा कोठे ओढावयाची? तिचे एक टोक कायद्याने निश्चित केले आहे. १९८८ च्या धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायद्याने धार्मिक संस्थेचा निधी राजकीय पक्षाच्या लाभासाठी वा राजकीय कार्यासाठी वापरण्यास मनाई केली असून उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद ठेवली आहे. परंतु पक्षाच्या खात्यात थेट देणगी टाकण्याचा भाबडेपणा कोण करतो? खरा प्रश्न आहे तो मधल्या धूसर पट्ट्याचा. २०१८ साली शिर्डीच्या साई संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शासनाला ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचे ठरविले. २०२० साली करोनाच्या संकटात सिद्धिविनायक न्यासाकडून मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि शिवभोजन योजना यांसाठी १० कोटी रुपये देण्यात आले, तेव्हा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तहानलेल्या शेताला पाणी आणि भुकेल्याला अन्न, यांस नाही कोण म्हणेल? पण कालवा बांधणे हे शासनाचे कर्तव्य आहे, त्यासाठी कर घेतला जातो. ज्या समितीचे सदस्य शासन नेमते, तीच समिती शासनाच्या योजनेला पैसा देते, तेव्हा देणारा आणि घेणारा एकच तर नव्हे ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

येथे इतिहासातील एक उदाहरण बोधप्रद ठरेल. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली टिळक स्वराज्य फंड उभारण्यात आला. एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले होते आणि ते मुदतीत पुरे झाले. तो निधी उघडउघड राजकीय होता. पण त्यात कोणाची फसवणूक नव्हती, कारण आपले दान स्वराज्याच्या लढ्याला जात आहे हे प्रत्येक दात्याला ठाऊक होते. दानपेटीत पैसे टाकणारी माउली मात्र पुढाऱ्याची चिठ्ठी मनात धरून ते टाकीत नाही. तिची संमती कोणी विचारलेली नसते, आणि विचारण्याची सोयही नसते. म्हणूनच तिच्या वतीने देणाऱ्यांवर अधिक कडक नियम हवेत.

ते नियम फार अवघड नाहीत. देणगीचे निकष आधी ठरवून जाहीर करावेत. अर्ज खुल्या रीतीने मागवावेत आणि नाकारलेल्या अर्जदारास कारण कळवावे. कोणाची शिफारस असल्यास तिची नोंद ठेवून, मदत मिळालेल्यांच्या नावांशेजारी शिफारस करणाऱ्याचे नाव छापावे. रुग्णाच्या बाबतीत मात्र त्याचे नाव न देता केवळ रक्कम आणि शिफारस करणारा यांची नोंद प्रसिद्ध व्हावी, कारण गरिबाचे दुखणे चव्हाट्यावर आणणे हेही पापच. चिठ्ठी देण्यात पुण्य असेल तर ते प्रसिद्ध होण्याचे भय कशाला? ज्या संस्थेशी समितीच्या सदस्याचा संबंध आहे, तिच्या अर्जावर त्या सदस्याने मत देऊ नये. आणि निवडणुकीच्या तोंडावर मंडपातून मदतवाटपाचे सोहळे करू नयेत. वर्गणी गोळा करण्यापूर्वी मंडळांना धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. जमलेल्या वर्गणीचा खर्च मंडपाच्या दर्शनी भागी फलकावर लावण्यास कोणाच्याही परवानगीची जरुरी नाही, केवळ इच्छा हवी.

आमच्याकडे गुप्तदानाची थोरवी गायिली जाते आणि ती सार्थ आहे. दात्याने आपले नाव लपवावे, हा त्याचा मोठेपणा. पण गुप्त राहण्याचा तो अधिकार दात्याचा आहे, वाटणाऱ्याचा नव्हे. वाटणाऱ्याने तर प्रत्येक पैशाचा हिशेब उजेडात मांडला पाहिजे. गणरायाच्या पुढ्यात रुपया ठेवून जो भाविक मुकाट्याने निघून जातो, तो हिशेब मागण्यास कधीच परत येणार नाही. त्याचा हा विश्वासच या सर्व संस्थांचे खरे भांडवल आहे. विघ्नहर्त्याकडे यंदा काही मागावयाचे असेल तर एवढेच मागू या, की जी शाळा आणि जो रुग्ण कोणाच्याही चिठ्ठीविना त्याच्या दाराशी येईल, त्याचा अर्ज सर्वांत आधी वाचला जावो.