वालधुनीचं कडवं

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाची तयारी चालू होती. नववीतल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘टीचर, हे बसवू या ना!’ गाणं होतं ‘द वारली रिव्हॉल्ट’. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने 2019 साली काढलेलं. त्यात आरेच्या केलटीपाड्यावरचे आदिवासी गायक प्रकाश भोईर गातात.

खरं सांगते, पहिल्यांदा मला ते आवडलं नाही. लोकगीत म्हटलं की आपल्या कानांना ढोलकी नाहीतर कोळीगीत लागतं. इथे खाली जड, अंधारा ठेका, त्यावर भोईरांचा मोकळा गळा आणि मधे जमिनीचा जाब विचारणारी रॅपर पोरं. नावात 1945चा वारल्यांचा उठाव आहे. तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वाचायला मिळतो. गाणं आलं त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. दोन हजारांहून जास्त गेली. पुढच्या वर्षी याच गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम आला. त्यातला टोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

लोकसंगीतात असा राग मिसळणं ही काही आपलीच गोष्ट नाही. ‘द पोग्स’ या गटाने 1980च्या दशकात लंडनमध्ये आयरिश लोकगीतांना पंकची धार लावली. परागंदा मजूर, युद्धात पाय गमावलेला सैनिक अशी माणसं त्यांच्या गाण्यांत येतात.

पण लांब कशाला जायचं? वर्गात मी शाहीर अमर शेख शिकवते तेव्हा छाती फुगवून सांगते की त्यांचं मूळ नाव मेहबूब, गाव बार्शी, आपल्यातलेच. 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. त्यांचं गाणं मालकांना आणि सरकारला गोड लागत होतं थोडंच! आम्ही मात्र त्यांचा फोटो लावतो, हार घालतो आणि गाणी निवडताना पोरांना सांगतो, जरा आनंदी घ्या.

त्या मुलाचंही तसंच झालं. गाण्याला त्याने स्वतःचं एक कडवं जोडलं होतं, वालधुनीवर. अंबरनाथहून उल्हासनगरात येणारी ही नदी पोरांनी रंग बदलतानाच पाहिली आहे. 2014 साली तिच्यात रसायन सोडल्यामुळे शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. याचे वडील जीन्स रंगवण्याच्या कारखान्यात होते. तो बंद झाला तेव्हा घरात सहा महिने पगार नव्हता. नदी मेली म्हणूनही पोरगा चिडलेला, आणि नदीच्या नावाने बापाची नोकरी गेली म्हणूनही. कडव्यात दोन्ही होतं. आम्हा मोठ्यांना एका वेळी एकच बाजू घेता येते, त्याने दोन्ही धरल्या होत्या.

कमिटीत कुणी म्हणालं, फार काळं आहे. कुणी म्हणालं, पाहुणे येणार आहेत. एकाने तर मुळात संगीत जायज आहे का, हाच प्रश्न काढला. दहा मिनिटांपूर्वी याच गृहस्थांनी कोळीनृत्याला होकार दिला होता! मी त्या कमिटीत होते. गप्प बसले. बीएडला ‘अभिव्यक्ती’वर पानंच्या पानं लिहिली होती मी.

पोराने काही वाद घातला नाही. त्या दिवशी तो खुर्च्या लावायला आला, मान खाली घालून. तेव्हापासून माझ्या तासाला मागच्या बाकावर बसतो.

आता तो दहावीत आहे. या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. सातव्या क्रमांकावर मी ते गाणं लिहिलंय, कडव्यासकट, आणि पुढे त्याचं नाव. त्याला आधी विचारलं. ‘या वेळी नक्की ना, टीचर?’ एवढंच म्हणाला.

यादी सोमवारी दिली. अजून बोलावणं आलेलं नाही.