तीन वर्षांच्या मुलाला महाबळेश्वर कशाला?

लहान मुलांना डोंगरावर नेण्यात अर्थ नाही, असं म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ही माणसं मुलांची वैरी नाहीत. बहुतेक वेळा ते आईबापच असतात आणि एकदा पोळलेले असतात. वाई सोडून पसरणीचा घाट लागला की मागच्या सीटवर मुलाला उलटी होते. वर पोचल्यावर टॅक्सीवाल्याच्या यादीप्रमाणे एकामागून एक पॉइंट सुरू होतात. मूल दरीकडे बघतसुद्धा नाही. कठड्याच्या गजांत हात घालून उभं राहतं आणि पाचव्या मिनिटाला ‘घरी चला’ म्हणतं. संध्याकाळी वेण्णा तलावावर घोड्यावर बसवलं, बाजारात व्हिडिओ गेमपुढे उभं केलं, की तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलतो. एवढा खर्च, एवढी दगदग, आणि मोठेपणी त्याला यातलं काहीच आठवणार नाही. तेव्हा दहा वर्षांचं होऊ द्या, मग न्या. तोवर घराजवळची बाग पुरे.

यातलं प्रत्येक निरीक्षण खरं आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे त्या कठड्यापाशीच समजून घेता येतं.

हे पॉइंट कुणी ठरवले? १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून जागा मिळवून गव्हर्नर माल्कमने इथे गिरिस्थान वसवलं. उन्हाळ्याने हैराण झालेल्या साहेब लोकांनी घोड्यावरून फिरून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून ही ठिकाणं निवडली आणि त्यांना आपली नावं दिली. लॉडविक, बॅबिंग्टन, विल्सन, आर्थर ही यादी आपण जवळपास दोनशे वर्षं जशीच्या तशी फिरवतो आहोत. ती प्रौढांसाठी केलेली आहे. दूरचा देखावा हा प्रौढांचाच आनंद आहे. प्रतापगड दिसला की आपल्याला १६५९ आठवतं, जावळीचं खोरं म्हटलं की चंद्रराव मोरे आठवतात, धुक्याआड कोकण आहे हे ठाऊक असतं म्हणून त्या धुक्यातही मन रमतं. तीन वर्षांच्या मुलापुढे फक्त फिकट निळं काहीतरी असतं, ज्याला हात लावता येत नाही. ते गजांशी खेळतं कारण गज हाताला लागतात. घोड्यावर बसून खुलतं कारण घोडा ऊबदार आणि जिवंत असतो. मुलाला निसर्गात गोडी नाही असं यातून सिद्ध होत नाही. त्याला तो हाताशी हवा आहे, एवढंच सिद्ध होतं.

ज्यांना शंका असेल त्यांनी आर्थर सीटला मुलाला कडेवर घट्ट धरून, कठड्याच्या आत उभं राहून एक वाळकं पान सोडून बघावं. सावित्रीच्या दरीतून वर चढणारा वारा हलकी वस्तू पुन्हा वर फेकतो. (लोक तिथे बाटल्यांची बुचं टाकतात, ते बंद झालंच पाहिजे, पान पुरतं.) दरीकडे ढुंकूनही न पाहणारं मूल त्या पानाची वाट बघत कितीही वेळ थांबतं.

हाताशी असलेलं महाबळेश्वर तर तुडुंब भरलेलं आहे. पायाखालचा जांभा भोकाभोकांचा असतो. तीन वर्षांच्या मुलाचं बोट त्या भोकात बरोबर बसतं आणि तांबडं होऊन बाहेर येतं. वाऱ्यापावसाचा मारा खाऊन इथली अंजनाची झाडं खुजी, वेडीवाकडी वाढतात, त्यामुळे काही फांद्या मुलाच्या हाताला येतात. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या सालीलगत निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके फुटतात. खोडांवर शेवाळ, नेचे, दगडफुलाचे पापुद्रे. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उभा असलेला बाप वरून फक्त पानं बघतो. पानांखाली लोंबणारं लाल फळ आधी त्याच्या लेकीला दिसतं, कारण ते तिच्या गुडघ्याशी असतं.

आता आठवणीचा मुद्दा. तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, हे मान्य. पण सहा महिन्यांच्या बाळाशी आपण बोलतो ते त्याने आपली वाक्यं लक्षात ठेवावीत म्हणून नव्हे. वाक्यं विसरली जातात, भाषा उरते. उतारावर पाऊल कसं टाकायचं, शेवाळलेला दगड किती निसरडा असतो, काटेरी फांदी कुठे धरायची नाही, दाट सावलीत शिरताना किती घाबरायचं आणि किती नाही, हेही असंच अंगात मुरतं. ज्याच्या पायांना दहा वर्षं फक्त फरशी माहीत आहे, त्याला मग एकदम जंगलात नेलं की ते मोबाइल मागतं. त्यात त्याचा काय दोष? आपणच उशीर केलेला असतो.

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिराबद्दल. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी इथे एकत्र येऊन गोमुखातून पडतं अशी श्रद्धा आहे. सांगलीच्या मुलाला कृष्णा कशी माहीत असते? आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली, या मोठ्यांच्या काळजीतून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, घरंदारं बुडाली. २००५ आणि २०२१ च्याही आठवणी घरोघर आहेत. अशा घरातलं मूल इथे गोमुखाखाली ओंजळ धरतं आणि आई सांगते, ‘ही बघ आपली कृष्णा.’ पुढे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात कृष्णेची सुमारे १४०० किलोमीटरची लांबी येईल, ती बंगालच्या उपसागराला मिळते हे येईल, आणि सावित्री मात्र याच डोंगरावरून निघून उलट्या दिशेने अरबी समुद्राला जाते हेही येईल. ते सगळं नंतर. त्याआधी ओंजळीत मावणारी कृष्णा हाताला लागलेली असावी. हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही म्हणणाऱ्याने त्या मुलाला गोमुखापासून उठवून दाखवावं.

धोक्याची बाजू मी झटकून टाकणार नाही. कठडा नसलेल्या कड्यापाशी लहान मूल नेऊच नये. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत धुकं, निसरडं आणि जळवा यांत तान्ह्यांना ओढण्याचं कारण नाही. पण घरात धोका नाही ही समजूतही तपासावी लागेल. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त उघड्यावर ठेवून बघितलं. २०१५ मध्ये त्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना मायनस नंबर लागला. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ होतं. पॉइंटवरून दूरचं बघायला डोळे शाबूत हवेत, तर लहानपणी बाहेर काढावंच लागतं. दोन दिवसांच्या सहलीने हे साधत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून घराजवळची टेकडी आणि बाग रोज हवीच. पण बागेत ‘फुलं तोडू नका’, ‘हिरवळीवर चालू नका’ अशा पाट्या असतात आणि तिथली प्रत्येक वाट कुणीतरी आखलेली असते. बाग आहे म्हणून रान नको, हे काही पटत नाही.

हे चोचले पैसेवाल्यांचे आहेत, असंही म्हणतात. ज्यांना असं वाटतं त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठवावं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. पानं, बिया, खडे, शंख हीच शिकवण्याची साधनं. ते काम अत्यंत गरीब मुलांसाठी होतं आणि बालशिक्षणाच्या पूर्ण विचाराने केलेलं होतं. सहल महाग होते ती हॉटेल, टॅक्सी आणि यादीमुळे. अंजनाखाली बसायला तिकीट नाही.

उरतो एक आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो: माणसांनी महाबळेश्वर आधीच चेंगरलं आहे, त्यात आणखी मुलं कशाला? महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी सुट्टीत गाड्यांच्या रांगा लागतात आणि माकडांपुढे वेफर्सची पाकिटं पडतात. पण ही गर्दी यादी पुरी करणाऱ्यांची आहे. लहान मुलाच्या चालीने चालणारं कुटुंब दिवसभरात एकच जागा बघतं, एकदाच गाडी काढतं. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावताना बघायचं असेल तर गप्प बसावं लागतं आणि माकडाला खाऊ घालायचा नसतो, हे चौथ्या वर्षी शिकवलं तर शिकतं. चाळिशीत दंड करूनही शिकवता येत नाही, हे आपण दर सुट्टीला बघतो.

तेव्हा न्या, आणि यादी घरी ठेवा. सकाळ एका जागेला द्या, दुपारी मुलाला झोपू द्या. मळले तरी चालतील असे कपडे घाला. ‘ते बघ, तिकडे बघ’ असं म्हणून त्याची मान वळवू नका. ते जिथे बसलंय तिथे आपणच खाली बसावं. घाटात गाडी दोनदा थांबवावी, घाई कसली आहे?

आणि नगरपालिकेकडे, वनखात्याकडे काही मागायचंच असेल तर नवा सेल्फी पॉइंट मागू नका. गाड्या न येणारी, कड्यापासून लांब, झाडीतली एखादा किलोमीटर सपाट वाट मागा, जिच्यावर आजीला दर थोड्या अंतराने टेकायला दगडी बाक असेल आणि सुरुवातीलाच लहान मुलांना वापरता येईल असं स्वच्छ, पाणी असलेलं शौचालय असेल.