पाण्याआधीची वार्ता

मलकापुरातून वाहणारी नळगंगा उन्हाळ्यात ओळखही देत नाही. पावसाळ्यात मात्र घाटात झालेल्या वृष्टीची वार्ता तिच्या पाण्याबरोबरच येते. ती पाण्याच्या आधी यावी, एवढ्यासाठी हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचे मोल.

रडार असता माणूस कशाला, ही शंका रास्तच. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण 200 किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे 4 किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याला ढग दिसतो. खाली गारा पडतात की नुसता पाऊस, हे बांधावर उभ्या असलेल्यालाच ठाऊक. अमेरिकेत ‘स्कायवॉर्न’ योजनेतील स्वयंसेवक नेमके हेच हवामान कार्यालयास कळवितात. त्यांत हॅम पुष्कळ.

आपल्याकडील हॅम बहुधा आपत्तीनंतर धावतात. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद अंदमानातून, केवळ छंदापायी, जगभरच्या हॅमशी बोलत होत्या. 26 तारखेच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी. दूरध्वनी मुके झाले. छंदाचा तोच संच निरोपांचा संच झाला. मुख्य भूमीवरील कित्येक घरांना आपली माणसे सुखरूप असल्याचे त्यातून कळले.

परवान्यासाठी वयाची 12 वर्षे पूर्ण हवीत आणि केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. पुढे बॅटरीवरचा संच आणि अँटेना. मध्ये डोंगर आडवा आला नाही, तर बुलढाण्याच्या घाटमाथ्यावरून हातातल्या संचाची हाकही मलकापूरच्या सपाटीवर पोचू शकते.